‘शंभर फोटो स्टॅक करा, मुंबईचा उजेड जातो’: नाही जात

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांत एक सल्ला सध्या फिरतो आहे: ‘माळशेजला जायची गरज नाही. गच्चीवरून शंभर फोटो काढून स्टॅक करा, प्रकाशप्रदूषण आपोआप जातं. नारिंगी छटा व्हाइट बॅलन्सने काढा, रंग फिके वाटले तर सॅच्युरेशन वाढवा. फिल्टर असेल तर एवढंही नको.’ यातलं एकेक वाक्य तपासू.

‘स्टॅक केल्याने प्रकाशप्रदूषण जातं.’ स्टॅकिंग म्हणजे आकाशाच्या त्याच भागाच्या अनेक फोटोंची (फ्रेमची) सरासरी. दर फ्रेमला वेगळा पडणारा नॉईज, म्हणजे फोटोतली खरखर, तिच्यात विरतो. 100 फ्रेमना सिग्नल-नॉईज गुणोत्तर 10 पट सुधारतं. शहराचा उजेड मात्र शंभरही फ्रेममध्ये असतो, म्हणून सरासरीतही उरतो. तो वजाच करावा लागतो, आणि वजा केला तरी त्याने आणलेला नॉईज मागे राहतो. काळ्या आकाशापेक्षा मुंबईचं आकाश 4 प्रतींनी (प्रत म्हणजे खगोलातलं तेजस्वितेचं माप) उजळ धरलं, तर तितक्याच स्वच्छ फोटोला सुमारे 40 पट वेळ द्यावा लागेल. माळशेजची गाडी त्यापेक्षा स्वस्त.

वजाबाकीत बहुतेकांचं बिघडतं ते फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजळ पांढऱ्या पडद्याचे फोटो, न घेतल्याने. लेन्समुळे कोपरे काळवंडतात, तो दोष भागाकाराने जातो, उजेड वजाबाकीने. दोन्ही एकत्र काढायला गेलात की मधोमध डाग उरतो. लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून बसवा आणि फोकस, अ‍ॅपर्चर, आयएसओ न हलवता एकसारख्या उजेडात 20-30 फ्लॅट घ्या. स्टॅकच्या फाटक्या कडा कापा. मग सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी काढताना, ती जिथून मोजली जाते ते नमुन्याचे ठिपके तेजोमेघावर पडलेले असतील तर हाताने पुसा. मृगातल्या एम 42 या तेजोमेघाभोवतीची फिकट धूळ याच चुकीने जाते आणि तेजोमेघाभोवती काळं कडं येतं. रात्रभर त्याचाच पाठलाग करत फोटो काढले असतील तर आणखी एक भानगड: मृग पूर्वेला असताना उजेड फ्रेमच्या ज्या बाजूने चढतो, समुद्राकडे कलल्यावर त्या बाजूने चढत नाही. अशा वेळी स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेममधून साधा, पहिल्या घाताचा (सरळ रेषेत वाढणारा) ग्रेडियंट, म्हणजे उजेडाचा चढ, काढून घ्यावा.

‘नारिंगी छटा व्हाइट बॅलन्सने काढा.’ व्हाइट बॅलन्स गुणाकार करतो, उजेड मिसळलेला आहे बेरजेने. लाल दाबला की तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लालही दबतो. आधी वजाबाकी, मग फोटोमेट्रिक कॅलिब्रेशन: सॉफ्टवेअर तारे ओळखतं, ताऱ्यांच्या सूचीतल्या त्यांच्या रंगाशी ताडून तिन्ही चॅनेलचं प्रमाण ठरवतं. त्याला फोकल लेंग्थ आणि पिक्सेलचा आकार बरोबर द्या. हे सगळं स्ट्रेच करण्यापूर्वी, म्हणजे फोटोतला अंधुक भाग उजळवण्यापूर्वी. फ्रेममध्ये मृगातले काक्षी आणि राजन्य हे तारे असतील तर पडताळा सोपा: पहिला नारिंगी, दुसरा निळसर पांढरा.

‘सॅच्युरेशन वाढवा.’ स्ट्रेचमध्ये जे पांढरं जळून गेलं, त्यात वाढवायला रंगच नसतो. एम 42 च्या गाभ्यासाठी 2-3 सेकंदांच्या फ्रेमचा वेगळा स्टॅक करा, आणि स्ट्रेच ‘असिन्ह’ या सूत्राने करा, त्यात रंगांचं प्रमाण टिकतं. पार्श्वभूमीला सॅच्युरेशन लागू दिलं तर हिरवे-जांभळे चट्टे उठतात. जेपीईजी वापरत असाल तर इथवरचं सगळं विसरा: 14 बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये) उजेडाच्या 16,384 पायऱ्या, जेपीईजीत 256.

‘फिल्टर असेल तर काहीच नको.’ ड्युअल-बँड फिल्टर फक्त 656.3 (हायड्रोजनचा लाल) आणि 500.7 (ऑक्सिजनचा हिरवट निळा) नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आत सोडतो. स्वतः चमकणाऱ्या तेजोमेघांना तो उत्तम. कृत्तिकांभोवतीची निळाई म्हणजे ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश, देवयानी दीर्घिकेत ताऱ्यांचाच. तिथे फिल्टर उजेडाबरोबर विषयही कापतो. सोडियम दिव्यांसाठी बनवलेले जुने फिल्टर पांढऱ्या एलईडीपुढे तोकडे पडतात, कारण एलईडीचा प्रकाश जवळजवळ सगळ्या दृश्य पट्ट्यात पसरलेला असतो. शिवाय ही काच न बदललेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काचच 656.3 चा बराचसा लाल अडवते. आणि फिल्टर लावूनही ग्रेडियंट उरतोच, तेव्हा ठिपके पुसायचं काम चुकत नाही.