पापनिवेदन झालं, परतफेडीचं काय?

लहानपणी वसईत शेजाऱ्यांच्या वाडीतून केळ्यांची अख्खी फणी चोरून खाल्ली होती. शनिवारी पापनिवेदनाला, म्हणजे चर्चमध्ये फादरांसमोर चूक कबूल करायला गेलो. वाटलं, दोनचार प्रार्थना म्हटल्या की सुटलो. फादर म्हणाले, "प्रार्थना नंतर. आधी ज्यांची केळी, त्यांच्याकडे जा." केळी पोटात गेली होती. मग आठवडाभर त्यांच्या वाडीला पाणी घातलं.

चर्चनेच मला शिकवलेला हा नियम मी चर्चला लावतो, तेव्हा लोकांना राग येतो.

१८३८ साली अमेरिकेत मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरची २७२ कृष्णवर्णीय गुलाम माणसं १,१५,००० डॉलरला लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकायचा करार केला. यातले बरेच जण कॅथलिक होते, आपल्यासारखेच मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला जाणारे. करारात दोन महिन्यांचं तान्हं बाळ होतं. कॉर्नेलियस हॉकिन्स नावाचा तेराएक वर्षांचा पोरगा होता. रोमने, म्हणजे तिथल्या चर्चच्या वरिष्ठांनी, अटी घातल्या होत्या: कुटुंबं तोडू नका, त्यांचा धर्म त्यांना पाळता यावा, पैसा कर्ज फेडायला वापरू नका. त्या मोडल्या. विक्रीच्या पैशातले १७,००० डॉलर जेझुइटांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडायला गेले. आज ते जगातलं नावाजलेलं विद्यापीठ आहे.

२०१७ मध्ये जेझुइटांनी त्या विकलेल्या माणसांच्या वंशजांसमोर जाहीर माफी मागितली. मला ती मनापासूनची वाटली. पण २०१९ मध्ये जॉर्जटाउनच्या विद्यार्थ्यांनी मोठ्या बहुमताने ठरवलं, की दर सत्राला प्रत्येकाने २७.२० डॉलर वंशजांसाठी द्यायचे. विद्यापीठाने ती सक्तीची फी लावली नाही, ऐच्छिक देणग्या गोळा करायचं ठरवलं. मला खटकतं ते इथे. मी केळी चोरली आणि शेजाऱ्यांना 'देणगी' दिली, असं फादरांनी चालवून घेतलं असतं का?

"पण आजच्या लोकांचा काय दोष?" हे आपलेच लोक विचारतात. दोष नाहीच. पण आपण अभिमानाने सांगतो की चर्च दोन हजार वर्षं अखंड आहे, प्रेषितांपासून आजच्या बिशपांपर्यंत एकच परंपरा. संतांचा वारसा आपला, तर मग देणंही आपलंच. ती माणसं विकणारी संस्था मेलेली नाही. तिच्याकडे कागद आहेत, इमारती आहेत, जमिनी आहेत.

२०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांच्या प्रतिष्ठानाला १० कोटी डॉलर द्यायचं वचन दिलं. पैसा इतका सावकाश आला की पुढच्याच वर्षी वंशजांच्या बाजूने जोसेफ स्टुअर्ट यांना जाहीर तक्रार करावी लागली. त्यांची मागणी साधी होती: उरलेल्या मळ्यांच्या जमिनी विका आणि ते पैसे द्या. २०२३ मध्ये विद्यापीठ आणि जेझुइट मिळून आणखी २ कोटी ७० लाख डॉलर आले.

स्टुअर्ट यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. हा पैसा त्या जमिनींतूनच यायला हवा, मिस्सात फिरणाऱ्या दानाच्या थैलीतून नको.