छोट्या लॅपटॉपवरचा राग भलत्याच जागी

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: ‘वीस हजारांच्या आतला अकरा इंची लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात. प्रोसेसर फालतू, सहा महिन्यांत हँग. नेटबुकं नावाचे छोटे स्वस्त लॅपटॉप २००७-०८ मध्ये आले आणि मेले, तरी कंपन्या तेच पुन्हा गळ्यात मारतात. त्यापेक्षा टॅबला कीबोर्ड जोडा, नाहीतर थोडे पैसे घालून पंधरा इंची घ्या. बिघडला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवालासुद्धा हात लावत नाही.’

यातलं एकही वाक्य निव्वळ खोटं नाही, म्हणूनच ते पटतं. पण दुखतंय एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असा प्रकार आहे.

आधी प्रोसेसर. या वर्गात इंटेलचा सेलेरॉन एन४०२० दिसतो, तो दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा हात) आणि २०१९ चा. एन१०० सुद्धा दिसतो, तो चार कोअरचा आणि २०२३ चा. दोघांत चांगलाच फरक आहे, त्यामुळे ‘फालतू’ म्हणायचं तर कुठला, ते सांगायला हवं. लिहिणं, ईमेल, ऑनलाइन लेक्चर, यूट्यूब एवढ्यासाठी एन१०० पुरून उरतो. दोन्ही सहा वॅटचे, म्हणजे कमी तापणारे असल्यामुळे यातले बरेच लॅपटॉप पंख्याशिवाय चालतात. आवाज नाही, आणि मुंबईची धूळ आत ओढणारं काही नाही.

मग हँग का होतात? ४ जीबी रॅम (चालू काम मांडायची तात्पुरती जागा) आणि ६४ जीबी स्टोरेज (कायमचं साठवण्याची जागा), हे खरं कारण. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान पात्रता नेमकी एवढीच आहे. म्हणजे हे यंत्र खोक्यातून बाहेर येतं तेच काठावर पास होऊन. विंडोज सुरू झाली की रॅमचा मोठा भाग तीच खाते. वर क्रोममध्ये पाच-सहा टॅब आणि झूम उघडलं की जागा संपते, आणि विंडोज रॅममधला माल स्टोरेजवर ठेवायला लागते. हे स्टोरेज असतं ईएमएमसी जातीचं. स्वस्त मोबाइलमध्ये असतं तेच, मोठ्या लॅपटॉपमधल्या एसएसडी जातीच्या स्टोरेजपेक्षा कितीतरी हळू. इथे माउसचा बाण गोठतो आणि शिव्या मात्र प्रोसेसर खातो. शिवाय ६४ जीबीतले हाताला लागतात जेमतेम ५८. त्यातून विंडोज वजा करा, मग मोठा अपडेट आला की तो जागा मागतो. ‘मेमरी कार्ड टाका ना’ असं दुकानदार सांगतो. कार्डावर फोटो आणि पीडीएफ राहतील, विंडोजचं पोट काही त्याने भरणार नाही.

तोच साधा प्रोसेसर, पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, तर हाच छोटा लॅपटॉप शहाण्यासारखा वागतो. फॉरवर्डमध्ये या दोन गोष्टींबद्दल अवाक्षर नाही.

जाता जाता आणखी एक. स्वस्त लॅपटॉपवर विंडोज कधी कधी ‘एस मोड’मध्ये येते. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप्स चालतात. घरी कोणी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल, तर ते तिथे बसणारच नाही. एस मोड फुकटात काढता येतो, मात्र एकदा काढला की परत येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे लॅपटॉप बिघडलाय समजून लोक तो दुकानात परत घेऊन जातात.

आता नेटबुकांचं मरण. असुसचा ई पीसी ७०१ आला २००७ च्या शेवटी: सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज, वजन किलोच्या आत. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि एवढ्याशा ऐवजावर ते बरं चालायचं. त्याच वर्षी ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजलेला एक्सओ मुंबईपासून फार लांब नसलेल्या खैरात या छोट्या गावातल्या शाळेत पोचला होता. शंभर डॉलर काही साधले नाहीत, किंमत दुपटीजवळ गेली. पण उन्हात वाचता येणारा पडदा आणि नगण्य वीज ही त्याची हुशारी खरी होती. म्हणजे छोटं आणि स्वस्त यंत्र मुळातच निकामी होतं असं नाही. बाजार तापल्यावर त्यावर विंडोज आली, आणि ही यंत्रं मोठ्या लॅपटॉपचा धंदा खाऊ नयेत याचीही काळजी घेतली गेली. विंडोज ७ ची जी स्टार्टर आवृत्ती नेटबुकांवर यायची, तिच्यात डेस्कटॉपवरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे! त्यात २०१० ला आयपॅड आला. मुद्दाम अर्धपोटी ठेवलेलं पोर अशक्त निघालं, तर दोष त्याच्या उंचीचा कसा?

टॅबला कीबोर्ड जोडण्याबद्दल थोडक्यात. वाचायला, बघायला, चित्रं काढायला टॅब उत्तम. पण कॉमर्सच्या मुलाला टॅली शिकायची असेल तर ती विंडोजवर चालते, अँड्रॉइडवर नाही. हीच अडचण गूगलच्या क्रोम ओएसवर चालणाऱ्या क्रोमबुकची आणि जिओच्या जिओबुक या लॅपटॉपची. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेलं जिओबुक किलोच्या आत आहे, त्यात ४जी इंटरनेटची सोय आहे, पण त्यावरही विंडोज नाही. आधी काम ठरवा, मग यंत्र. ऑटोकॅड, अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हिडिओ एडिटिंग हे काम असेल, तर अकरा इंचीच्या वाटेला जाऊच नका. तिथे फॉरवर्डचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

‘थोडे पैसे घालून पंधरा इंची’ हा सल्ला मात्र टेबल-खुर्चीवर बसून लिहिलेला आहे. डोंबिवलीहून सकाळी लोकलने निघणाऱ्या मुलीची सॅक पाठीवर नसते, गर्दीत ती छातीशी धरावी लागते. त्यात डबा, पाण्याची बाटली, जून ते सप्टेंबर छत्री. पावणेदोन किलो आणि एक किलो यांतला फरक दादरच्या जिन्यावर कळतो. बसायला मिळालीच तर तिघांच्या बाकावरची चौथी सीट, तिथे पंधरा इंची उघडणार कुठे? शेजारच्या काकूंच्या मांडीवर? दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाचं टेबल आणि जेवणाची जागा एकच असते, तिथेही आटोपशीर वस्तूच बरी. आणि हे ‘थोडे पैसे’ म्हणजे दहा-पंधरा हजार. घरात दोन मुलं शिकत असतील तर ते थोडे नाहीत.

राहिली दुरुस्ती. लॅमिंग्टन रोडवर कीबोर्ड, बॅटरी, पडदा सगळं बदलून मिळतं. हात टेकतात ते रॅम आणि ईएमएमसीपाशी, कारण ती बहुधा बोर्डालाच सोल्डर केलेली असतात. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: रॅमचा स्लॉट आहे का, आणि एसएसडी बसते का. दोन्हींना ‘नाही’ आलं आणि आत ४ जीबी रॅम असेल, तर तो नवा लॅपटॉप सोडा. त्याच रस्त्यावर रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप मिळतात, बारा-चौदा इंची, कंपन्यांनी वापरून काढलेले, झाकण उघडून रॅम वाढवता येणारे. तिथे फक्त इंटेल प्रोसेसरची जनरेशन, म्हणजे पिढी बघा. आठवी किंवा पुढची हवी. सहावी-सातवी स्वस्तात पुढे करतील, पण विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी नवी घालून मागा, आणि बिलावर वॉरंटी लिहून घ्या.