दर कितीही लावा, पण हूक अडकवायच्या आधी सांगा

घाटात बंद पडलेली आमची गाडी न बोलावता आलेल्या क्रेनने दर न सांगताच उचलली, ती गोष्ट मे महिन्यातली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी फेसबुकवर बोंब आणि मग कागद ही पद्धत मला पटत नाही. आता तक्रार दाखल झाली आहे आणि कासचा सीझन तोंडावर आलाय. पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागतील. त्यातल्या काही घाटात तापतील, काही यवतेश्वरच्या पुढे चरात उतरतील. त्यांना जो अनुभव येईल तो "साताऱ्याला गेलो होतो, तिथं लुटलं" असाच सांगितला जाणार. तेव्हा आपणच बोललेलं बरं.

पुण्याहून साताऱ्याला येताना आपल्या जिल्ह्यातलं खंडाळा सोडलं की खंबाटकी घाटाचा चढ लागतो. सुट्टीतला शनिवार, पुढे ट्रकची रांग, सगळ्यांचे एसी चालू, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर मुंगीच्या पावलाने सरकणं. दर उन्हाळ्यात तिथे बॉनेट उघडून उभी असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आमच्या गाडीच्या रेडिएटर फॅनची मोटार नेमकी तिथेच गेली. गाडी मी चालवत होते, मागे सासरे, म्हणजे आबा, आणि मुलगा. जरा रुंद जागा दिसली तिथे कडेला घेतली, पण वळण होतंच. मुलाला आणि आबांना कठड्याच्या पलीकडे उभं केलं, मागे त्रिकोण लावला, १०३३ ला फोन केला. तो राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाइन नंबर आहे, चोवीस तास चालतो. त्यांनी फोन उचलला, किलोमीटरचा दगड विचारला, गाडी पाठवतो म्हणाले.

त्यांच्या आधी दुसरीच क्रेन हजर. मी बोलावली नव्हती, कोणी बोलावली तेही कळलं नाही. आमचा मेकॅनिक नंतर म्हणाला की घाटाच्या अलीकडे-पलीकडे टपऱ्या असतात, तिथून फोन जातो आणि गाडीमागे काही ठरलेलं असतं. खरं-खोटं तो जाणे, पण क्रेन ज्या तत्परतेने आली ते बघता मला तरी पटलं.

दोन पोरं उतरली. मी गाडीच्या दारापाशी, किल्ली माझ्या हातात, आणि बोलणं सगळं आबांशी. "आबा, तुम्ही काय टेन्शन घिऊ नका." मी विचारलं, किती घेणार? उत्तर आबांना: "पैशाचं काय हो आबा, माणुसकी हाय का न्हाय? वळणावर थांबलायसा, मागनं ट्रक आला म्हंजी?" मी पुन्हा विचारलं, रक्कम सांगा. "ताई, तुम्ही सावलीला बसा, आमी बघतो." आणि तेवढ्यात दुसऱ्याने गाडीला साखळीचा हूक लावलासुद्धा.

सगळा धंदा या एका मिनिटात आहे. हूक लागेपर्यंत तुम्ही गिऱ्हाईक असता, दर विचारू शकता, नको म्हणू शकता. हूक लागला की गाडी त्यांची आणि तुम्ही मागून चालणारे. महामार्गाची गस्तीची गाडी आली तेव्हा आमची गाडी हवेत होती. ते म्हणाले, आता यांनी घेतलीच आहे ना.

त्यातही त्यांनी गाडी उचलली मागून. माझी गाडी ऑटोमॅटिक आणि पुढच्या चाकांवर चालणारी. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बंद असतो. अशी गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढत नेली तर आतले भाग तेलाशिवाय घासतात आणि गिअरबॉक्सचा खर्च बसतो. पुढची चाकं उचलायची, हँडब्रेक सोडायचा, नाहीतर सरळ फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवायची. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मी ओरडून सांगितलं. "न्यूट्रल टाकलं की झालं वहिनी." मी क्रेनच्या पुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे गाडी उतरवली आणि फिरवून पुढून उचलली. टो-हूक गाडीच्या टूलकिटमध्येच असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून पिळून बसवायचा. मी तो हातात धरून उभी. त्यांनी आपली साखळी खालून कुठेतरी अडकवली आणि बंपरची खालची कड चिरली.

गाडी साताऱ्यात एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजला न्या म्हटलं होतं. नेली महामार्गाच्या कडेला एका पत्र्याच्या कंपाउंडमध्ये. तिथे एक मालक खुर्चीत. त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे हिशोब लिहिला: क्रेन ५,५००, घाट चार्ज २,५००, गाडी फिरवून घेतली त्याचे १,०००, पार्किंग ८००, सर्व्हिस १,७००. एकूण ११,५००.

मी सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. रोज दुसऱ्यांची बिलं तपासून पोट भरते, पण स्वतःची चूक दुरुस्त करण्याचे हजार रुपये समोरच्याला लावलेला कागद पहिल्यांदाच पाहिला. पार्किंगचे आठशे, तेही गाडी खाली टेकून पाच मिनिटं झाली नसताना. "सर्व्हिस" म्हणजे काय विचारलं तर "सगळंच आलं त्यात" म्हणाला. बिल मागितलं. "पक्कं बिल पायजे असंल तर जीएसटी वर पडंल." पैसे भरायचा स्कॅनर कोणा तिसऱ्याच बाईच्या नावावर. किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात.

११२ ला फोन केला. पोलीस आले, बोलले नीट, पण कुठल्या बाजूला न जाता: आपसात मिटवा, हा दिवाणी मामला. त्यांच्यासमोर घासाघीस होऊन ९,००० वर आलं. आबांना बीपीचा त्रास, ऊन भयंकर. मी पैसे भरले, पण स्कॅनरवरून भरताना खाली जी नोंद लिहायची जागा असते तिथे लिहिलं: "निषेधासह भरले, बिल दिले नाही." ती ओळ आज माझ्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्याखालोखाल ती लग्नपत्रिका. त्याने ती परत मागितली होती. मी म्हटलं, राहू दे, शुभकार्याची आहे.

आता कायद्याचं. "ताई, कशाला नादाला लागता" म्हणणाऱ्यांसाठी खास.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे, कलम २(४७). सेवा देऊन बिल किंवा पावती न देणं हे त्यात थेट लिहिलेलं आहे. म्हणजे बिल मागणं हा आगाऊपणा नाही, न देणं हीच अनुचित प्रथा आहे. दुसरं, भारतीय करार कायदा १८७२. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली तर कलम १५१ प्रमाणे, एखादा समंजस माणूस स्वतःची तशीच वस्तू जितकी जपेल तितकी त्याने ती जपली पाहिजे. म्हणजे चिरलेला बंपर "जुनाच होता" म्हणून झटकता येत नाही, फोटो असले की झालं. मी घाटातच चारी बाजूंनी फोटो काढले होते. वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क त्याच कायद्यात कलम १७० मध्ये आहे, पण तो त्या वस्तूवर केलेल्या कामाच्या रास्त मोबदल्यापुरता आहे. न ठरलेला पार्किंगचा खर्च आणि "सगळंच आलं त्यात" यासाठी किल्ली खणात टाकता येते का, हेच मी जिल्हा ग्राहक आयोगाला विचारलं आहे.

तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. सेवेची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून २ वर्षं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ठेवा.

अडचण आली ती वेगळीच. तक्रार करायची कुणाविरुद्ध? क्रेनवर देवाचं नाव, त्याखाली "क्रेन सर्व्हिस" आणि दोन मोबाइल नंबर. पत्ता नाही. परिवहनच्या ॲपवर क्रेनचा नंबर टाकला तर मालकाचं नाव अर्धं फुल्यांनी झाकलेलं. बिल का देत नाहीत ते मला तेव्हा कळलं. जीएसटी वाचवणं हा वरचा फायदा झाला, मूळ मुद्दा असा की बिल नसलं की समोर कोणी सापडतच नाही. शेवटी बँकेचं स्टेटमेंट, स्कॅनरवरचं नाव, कंपाउंडचा पत्ता आणि क्रेनचा फोटो जोडून नोटीस काढली. ती पोचली, हे आलेल्या फोनवरून समजलं. चार हजार परत देतो, "तक्रार नाही" असं लिहून द्या. आबा म्हणाले घे. मी नाही घेतले. घरात त्यावरून दोन दिवस शांतता होती.

या प्रकारावर बोललं की लोक पहिलं काय म्हणतात, तर सरकारने दर ठरवून द्यावा. मला हे पटत नाही. भर पावसात रात्री दोन वाजता दरीच्या तोंडावरून गाडी ओढणं आणि दुपारी सरळ रस्त्यावरून उचलणं याला एक दर कसा लागेल? क्रेनचा हप्ता असतो, डिझेल असतं, पोरांचा पगार असतो. खंबाटकीच्या एस वळणावर अपघात झाला की अडकलेल्या माणसांना बाहेर काढायला धावणाऱ्यांत हीच क्रेनची पोरं असतात, हे घाटावरून येणं-जाणं असलेला कोणीही सांगेल. त्यांच्या मेहनतीला नऊ हजार जास्त की कमी, हा वाद मी घालतच नाहीये. घाटात मला कोणी "नऊ हजार" म्हटलं असतं तर मी हो किंवा नाही म्हटलं असतं, विषय संपला असता.

आणि सांगून काम करणारे आहेत. ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर आठवा. माझ्या मावसभावाची गाडी गावभागात छतापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर अशा गाडीला स्टार्टर मारायचा नसतो, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे जो तो टोचन करून न्यायला क्रेनच शोधत होता. त्या दिवसांत काहीही दर लावला असता तरी माणसं भरत होती. एका क्रेनवाल्याने फोनवरच दर सांगितला, गाडी चढवायच्या आधी वहीत गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि रक्कम लिहून भावाची सही घेतली, उतरवल्यावर छापील पावती दिली. त्याचा दर स्वस्त नव्हता. भाऊ आजही त्याचा नंबर लोकांना देतो.

विम्याबद्दल एक गैरसमज सर्रास आहे, तो इथेच काढते. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत गाडी ओढून नेण्याचा खर्च मिळतो, पण तो अपघात झाला तर, आणि प्रमाणित मजकुरात खाजगी कारसाठी त्याची मर्यादा १,५०० रुपये आहे. नुसती गाडी बंद पडली तर रोडसाइड असिस्टन्सचं, म्हणजे रस्त्यात मदत मिळण्याचं, वेगळं कव्हर लागतं. ते असेल तर नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला. फोन केल्यावर केस नंबर मागून घ्या आणि आलेल्या क्रेनवाल्याला तो नंबर विचारा. सांगता आला नाही तर तो तुमच्यासाठी आलेलाच नाही.

शहरात नो पार्किंगमधून उचललेली गाडी हा वेगळा मामला आहे. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ लागतं, गाडी हलवायची परवानगी हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते आणि ओढण्याचा खर्च मालकावर पडतो. तिथे भांडायचं असेल तर निदान समोर एक खातं असतं. घाटात खाजगी क्रेनवाल्याला तुमची गाडी तुमच्या होकाराशिवाय उचलायचा कसलाही अधिकार नाही. वाहतुकीला अडथळा होत असेल तर पोलीस सांगतील, किंवा महामार्गाची क्रेन येईल. टोल घेणाऱ्या कंपनीने गस्तीची गाडी, ॲम्ब्युलन्स आणि क्रेन ठेवायची ही करारातली अट असते. ती क्रेन तुम्हाला घरच्या गॅरेजपर्यंत सोडणार नाही, पण वळणावरून सुरक्षित जागी आणेल. एकदा गाडी आणि माणसं सुरक्षित जागी आली की चार ठिकाणी फोन करून दर विचारायला वेळच वेळ.

आपल्या जिल्ह्यात एवढं व्हावं असं मला वाटतं: घाट चढायच्या आधी खंडाळ्याच्या बाजूला, सुरूर फाट्याला आणि कास रस्त्याच्या सुरुवातीला मोठे फलक, मराठीत आणि हिंदीत. त्यावर १०३३ आणि ११२, आणि एक ओळ: "रक्कम आणि ठिकाण लिहून घेतल्याशिवाय गाडी उचलू देऊ नका." शिवाय या भागात काम करणाऱ्या क्रेनवाल्यांची मालकाचं नाव आणि पत्त्यासह नोंद तहसील किंवा पोलीस ठाण्यात असावी. याला फार पैसा लागत नाही. असा अर्ज मी जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे.

त्या अर्जाला जोडायला आणखी कागद हवे आहेत. कोणाकडे घाटातल्या किंवा कास रस्त्यावरच्या क्रेनच्या अशा चिठ्ठ्या, पावत्या, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट असतील तर मेसेंजरवर पाठवा, स्वतःच्या गाडीचा नंबर झाकून. रक्कम कुठे आणि केव्हा सांगितली, हूक लावायच्या आधी की नंतर, हे दोन ओळींत लिहा. क्रेनवाला चांगला निघाला असेल तर तेही पाठवा, मला दोन्ही बाजूंचे कागद लावायचे आहेत.