शीला जॉर्डनची टायपिस्टची नोकरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया झोंबली, हे आधीच कबूल करतो. अमेरिकन जॅझ गायिका शीला जॉर्डनवरच्या माझ्या लेखाला तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे: जी बाई अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत ऑफिसात टायपिंग करत होती, तिच्या 'कारकिर्दी'चं एवढं कौतुक कशाला? कार्यक्रम मिळत नाहीत तेच शिकवायला लागतात. 'यू आर माय सनशाइन' हे पोराटोरांचं गाणं, ते जॅझ कधीपासून झालं? आणि 2012 साली अमेरिकेत 'जॅझ मास्टर' हा मोठा सन्मान मिळालेली गायिका 'उपेक्षित' कशी?

गाण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच माझं आणि तुमचं खरं भांडण आहे. शीला लहानपणी पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात वाढली, आजी-आजोबांकडे, गरिबीत. पुढे डेट्रॉइटला जूकबॉक्सवर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ऐकला आणि ती जॅझची झाली. कितीतरी वर्षांनी संगीतकार जॉर्ज रसेल तिच्याबरोबर त्या खाणींच्या गावी गेला. तिथल्या गुत्त्यात एका खाणकामगारानं तिला 'यू आर माय सनशाइन' म्हणायला सांगितलं. ते रसेलच्या डोक्यात राहिलं आणि 1962 मध्ये 'द आउटर व्ह्यू' या आपल्या अल्बमसाठी त्यानं त्याची बांधणी केली. दहा मिनिटांहून मोठं आहे. वाद्यं चाल मोडतात, वाकडी करतात, आणि मग सगळं थांबतं. शीला एकटी गाते. साथ नाही, ताल नाही, बँडनं सूर धरून ठेवलेला नाही. असं गाणं गोड असतं ही आपली समजूत. इथे ते भकास आहे, उन्हाबद्दलचं गाणं जमिनीखाली राबणाऱ्यांच्या तोंडी जसं असेल तसं. हे जॅझ नसेल तर जॅझ कशाला म्हणायचं, मला ठाऊक नाही.

आता नोकरी. इथे चूक माझी आहे. 'नाइलाजानं नोकरी करावी लागली' एवढ्या एका वाक्यात मी तो विषय उरकला होता. नाइलाज होताच. 1955 मध्ये मुलगी झाली आणि ती वाढवली शीलानं एकटीनं. न्यूयॉर्कमधल्या ग्रिनिच व्हिलेजच्या क्लबात गाऊन मिळणाऱ्या पैशांत घर चालणं शक्यच नव्हतं, म्हणून दिवसा जाहिरात कंपनीत टायपिंग. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 1963 चा, दुसरा थेट 1975 चा. तुम्हाला ही बारा वर्षं रिकामी दिसतात. मला वाटतं, पगार टाइपरायटरवर सुटत होता म्हणूनच गाण्यात तिला कुणाची मर्जी राखावी लागली नाही. फक्त डबल बेस (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि आवाज, पियानो नाही, ड्रम नाहीत, असं गाण्याचा तिचा हट्ट कुठल्या क्लबमालकाला परवडला असता? तंबोऱ्यावर गाणाऱ्याला निदान षड्ज सतत मिळतो. बेस तर स्वतःच चालत असतो, गाणाऱ्यानं त्याच्याबरोबर तोल सांभाळायचा. पहिल्याच अल्बममध्ये तिनं 'डॅट डेअर' असं गायलंय. सतत प्रश्न विचारणाऱ्या लेकराचं गाणं, आणि घरी लहान मुलगी.

'कार्यक्रम मिळेनात म्हणून शिकवलं' हे तर तारखांशीच जुळत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात ती 1978 पासून जॅझ गायन शिकवायला लागली. असे वर्ग तेव्हा कॉलेजांत जवळजवळ नव्हतेच. त्याच सुमारास पियानोवादक स्टीव्ह कूनच्या चौकडीबरोबर तिचं गाणं वाढलं, रेकॉर्डिंग झालं. म्हणजे नोकरी, वर्ग आणि मैफली तिन्ही एकदम चालू. 'शीलाज ब्लूज' हे तिचं स्वतःचं गाणं ऐका. खाणींचा मुलूख, डेट्रॉइट, पार्कर, सगळं आयुष्य त्यात येतं, आणि मैफलीत त्याचे शब्द ती जागच्या जागी जुळवायची. नव्वदी ओलांडल्यावरही ती गात होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये, शहाण्णवाव्या वर्षी गेली.

राहिला 'उपेक्षित'. तिथे तुमचंच बरोबर. लिहिताना तो शब्द सवयीनं आला. आपल्याला आवडलेला कलाकार उपेक्षित असला की आपलीही रसिकता जरा उंच दिसते, तसला प्रकार. लेखातून काढून टाकला आहे. नोकरीचं वाक्यही बदललंय, सवडीनं पाहा.