जुना फोटो टाकता, तर मागची बाजूही टाका राजेहो

परवा आमच्या 'जुनं नागपूर'वाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. खाली लिहिलेलं, 'सीताबर्डीची लढाई, १८१७. दुर्मिळ!' पंधरा जणांनी हात जोडले. आता फोटोग्राफीच जगापुढे आली १८३९ मध्ये. त्याच्या बावीस वर्षं आधी सीताबर्डीच्या टेकडीवर कॅमेरा घेऊन कोण चढला बे? कुणीतरी चित्राचा फोटो काढून टाकलेला.

दुसऱ्या दिवशी '१९१० चं नागपूर इस्टेशन'. फोटोत मात्र आजचीच दगडी इमारत, जी १९२५ मध्ये सुरू झाली. तसंच सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाचा पूर्ण घुमट दिसत असेल, तर फोटो १९४० च्या फार आधीचा असूच शकत नाही. एवढं तर आपल्याला घरबसल्या ताडता येतं. पण मी बोललो की ग्रुपमध्ये मीच खडूस ठरतो.

जुने फोटो खरंच हुडकायचे तर आधी जुनी नावं माहीत पाहिजेत. 'गांधीसागर' टाकून काही मिळत नाही. 'जुम्मा तलाव', 'शुक्रवारी तलाव' करून पाहा. गांधीगेट म्हणजे जुम्मा दरवाजा. साहेबांच्या स्पेलिंगात तर नागपूरचंही 'नागपोर' होतं.

आणि मिळतं काय? किल्ला, चर्च, बंगले, एम्प्रेस मिलची चिमणी. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी सुरू केलेली मिल, आज तिथं मॉल आहे. मला सापडलेल्या मिलच्या फोटोंत इमारत झकास, यंत्रं चकचकीत. माणूस दिसलाच तर यंत्र केवढं मोठं ते कळावं म्हणून उभा केलेला. मिलचे मॅनेजर बेझनजी मेहता, त्यांचं नाव बेझनबाग म्हणून वस्तीला लागलं. साच्यावर उभ्या माणसाचं नाव फोटोमागेही नाही.

माझे आजोबा तिथंच स्पिनिंग खात्यात होते. त्यांच्या ट्रंकेत एक ग्रुप फोटो निघाला: चौदा माणसं, एक सायकल, मागे पेन्सिलीनं फक्त 'सेकंड शिफ्ट'. मी तारीख शोधत बसलो होतो. आईनं चष्मा लावला अन् म्हणाली, "हा कोपऱ्यातला आपल्या ओट्यावर बसून बिडी ओढायचा. सायकल याचीच. तुझे आजोबा डबलसीट जायचे." त्या सायकलकडं मी चार दिवस पाहून राहिलो होतो, मला ती आजोबांचीच वाटत होती.

आईला तिघं ओळखू आले. अकरा बाकी आहेत. तिची आता पंच्याहत्तरी उलटली, डोळ्यांचं ऑपरेशनही व्हायचंय.

फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करून खाली टाकल्या आहेत. ज्यांच्या घरचं कुणी मिलमध्ये होतं, त्यांनी तो घरातल्या म्हाताऱ्यांना मोठा करून दाखवा. डावीकडून पाचवा, कानाला पेन्सिल खोचलेला, आईच्या मते आपल्या नागपुरातल्याच इंदोऱ्याकडचा आहे.