फाईल डॉक्टरांना दिसू दे, पण आणखी कोणाला?

भारतातल्या नातेवाइकांशी बोलताना हल्ली ‘आभा’चा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, विषय निघतोच. केसपेपर काढायला क्यूआर कोड स्कॅन करायचा, १४ आकडी नंबर घ्यायचा, आणि घरात दोन तट. एक म्हणतो, फायलींचं ओझं गेलं. दुसरा म्हणतो, आमची आजारपणं सरकारदरबारी जमा झाली. मग मला हमखास विचारतात, “तुमच्या इंग्लंडात तर सगळं एका बटणावर असेल ना?”

नसतं. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, माझी बहुतेक नोंद आहे. त्यातली चालू औषधं आणि ॲलर्जी इंग्लंडभर इमर्जन्सी विभागांत दिसू शकतात. परगावी ताप चढला तेव्हा तिथल्या नर्सने पडद्याकडे बघतच विचारलं, “पेनिसिलिन चालत नाही ना?” तेवढ्यासाठी मी ही व्यवस्था आनंदाने पत्करतो. मात्र तज्ज्ञाचं पत्र दुसऱ्या इस्पितळातून जीपीकडे यायला आठवडे लागलेलेही पाहिलेत. देशभरची इस्पितळं जोडायचा अवाढव्य कार्यक्रम इथे २००२ मध्ये सुरू झाला, अब्जावधी पौंड गिळून २०११ मध्ये गुंडाळला गेला.

त्याहून बोलकी गोष्ट ‘केअर डॉट डेटा’ची. २०१४ मध्ये संशोधन आणि नियोजनासाठी जीपींकडच्या नोंदी एकत्र करायचं ठरलं. घरोघरी पत्रक टाकलं, ते अनेकांनी पाहिलंच नाही. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही बिथरले, योजना थांबली आणि २०१६ मध्ये बंदच झाली. २०२१ मध्ये तसाच प्रयत्न पुन्हा झाला, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी ‘आमची माहिती वगळा’ असं कळवलं. आपल्या डॉक्टरांनी फाईल वाचायला यांचा विरोध नव्हता. डॉक्टरांच्या मागे आणखी कोण वाचणार, ही भीती होती.

आपल्याकडच्या वादात नेमके हेच दोन प्रश्न एकात एक मिसळतात. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची, म्हणजे ‘आभा’मागच्या योजनेची, रचना कागदावर चांगली आहे: नोंद जिथली तिथेच राहते, रुग्णाच्या संमतीने पुढे जाते. पण मागे रांग खोळंबलेली असताना काउंटरवरचा माणूस “ओटीपी सांगा” म्हणतो आणि आजी मोबाईलच त्याच्या हातात देतात, याला संमती म्हणायचं? शिवाय विम्याच्या दाव्यांची देवाणघेवाणही त्याच छत्राखाली उभी राहते आहे. उपचारासाठी दिलेला होकार तिथपर्यंत ताणला जाणार नाही, हे कोणी तरी ठणकावून सांगायला हवं.

‘कागदच बरा’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. चार दिवसांपूर्वीचा सीटी स्कॅन हातात असताना “आमच्याकडचाच लागेल” असं ऐकवलं जातं, तिथे गोपनीयता वगैरे काही नसते, बिल असतं. भरती झालेल्या रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, हा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. किती जणांना ती विनासायास मिळतात? असल्या ठिकाणी ॲप काय करणार.

एस्टोनियात आपली नोंद कोणी आणि कधी उघडली, हे रुग्णाला स्वतः लॉगिन करून बघता येतं. आभाबद्दल भांडायचंच तर ही यादी मागा, साध्या मराठीत, आणि ओटीपी देण्याच्या आधी.