पाण्याचं वजन नव्हे, पाण्याचा दाब: कोयनेच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'सह्यपुत्र',

कोयनेच्या भूकंपांवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. सूर चढा आहे, पण मुद्दे बिनबुडाचे नाहीत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सह्याद्रीच्या वजनापुढे धरणातलं पाणी म्हणजे दर्यामें खसखस, त्यानं भूकंप कसा होईल? १९६२ आधी, म्हणजे धरणात पाणी साठण्याआधी, तिथे भूकंपमापकच नव्हते, तर 'आधी भूकंप नव्हते' हे कशाच्या जोरावर? धरण दरवर्षी भरतं, मग १९६७ सारखा ६.३ चा भूकंप दरवर्षी का होत नाही? संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडून पैसा घालवला, वर नव्या भूकंपाला आमंत्रण दिलं. आणि मी खोली पाच-सात किलोमीटर लिहितो, पण मोबाइलवर नेहमी १० किलोमीटर येते. शेवटी मला धरणविरोधकांच्या पंगतीला बसवलंत, ते सोडून देऊ.

वजनाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. किंबहुना तुम्ही मांडलात त्यापेक्षाही तो पक्का आहे. कोयनेच्या जलाशयाची, शिवाजीसागराची, क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे साधारण २९८ कोटी टन पाणी. आकडा दांडगा वाटतो. पण हे पाणी सुमारे ११५ चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे, तेव्हा सरासरी खोली निघते २६ मीटर. बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. म्हणजे सगळा जलाशय मिळून जमिनीवर जेमतेम नऊ मीटर जाडीचा काळा दगड रचल्याइतका भार टाकतो. धरणापाशी जिथे पाणी नव्वद मीटरच्या घरात आहे, तिथे फार तर तीस मीटर दगड. शेजारचे डोंगर याच्या कितीतरी पट उंच. नुसत्या वजनानं जमीन फुटायची असती तर ती डोंगरांखाली कधीच फुटली असती. लेखात मी 'धरणामुळे झालेला भूकंप' असं लिहिलं होतं, तो शब्दप्रयोग चुकीचा होता. तो बदलून 'जलाशयानं प्रेरित' असं केलं आहे. ताण भूगर्भात आधीपासून साठलेला असतो. पाणी फक्त भ्रंशाची, म्हणजे खडकातल्या ज्या मोठ्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरतात तिची, पकड ढिली करतं.

पकड ढिली कशी होते, ते स्वयंपाकघरात दिसतं. गरम पाण्यात विसळलेली स्टीलची वाटी ओल्या ओट्यावर उपडी ठेवा. थोड्या वेळानं ती आपोआप सरकायला लागते. वाटीचं वजन तेच असतं, ओट्याचा उतारही तोच. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि वाटीचा थोडा भार स्वतः उचलते. कडा ओट्याला जेवढ्या दाबानं चिकटून होती तो कमी होतो, घर्षण घटतं आणि इतका वेळ पुरा न पडलेला उतार पुरेसा ठरतो. भ्रंशाच्या दोन भिंतींमध्ये हवेच्या जागी पाणी असतं. वरचा खडक भिंती एकमेकींवर आवळतो, भेगेतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं, आणि घर्षणाच्या वाट्याला या दोहोंची वजाबाकी येते. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १,३५० किलो आणि भेगांतल्या पाण्याचा सुमारे ५०० किलो असतो. पाण्याचा दाब अर्ध्या-पाऊण किलोनं वाढला तर एरवी काही बिघडत नाही. पण भ्रंश घसरण्याच्या अगदी काठावर असेल, तर तेवढं पुरतं. भूकंपात जो ताण मोकळा होतो तो दर चौरस सेंटीमीटरला तीसपासून शंभर किलोपर्यंत असू शकतो; त्यातला पाण्याचा वाटा शेकड्याला एक-दोन. बाकीचा सगळा ताण पृथ्वीचा.

आता वेळेचा हिशोब. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका तोच सुटला आहे. जलाशयातलं पाणी स्वतः पाच किलोमीटर खाली जात नाही. भेगा आधीच पाण्यानं भरलेल्या असतात. बागेतल्या भरलेल्या नळीसारखा एका टोकाचा दाब दुसऱ्या टोकाकडे सरकतो. फरक एवढाच की खडकातल्या भेगा केसासारख्या बारीक असतात, त्यामुळे दाब रेंगाळत जातो आणि वाटेत विरतो. अंतर दुप्पट केलं तर पोचायला वेळ चौपट लागतो. खडकातून दाब किती झपाट्यानं पसरतो ते सांगणारा आकडा, म्हणजे दाब पसरण्याचा गुणांक, सेकंदाला १ चौरस मीटर धरा. भेगाळलेल्या ग्रॅनाइटसाठी हा आकडा अवाजवी नाही. जलाशय वर्षाकाठी पस्तीसेक मीटर चढतो-उतरतो असं मानलं, तर तळाशी दाबात साडेतीन किलोचा फरक पडतो. हीच वार्षिक लाट पाच किलोमीटर खाली पोचेपर्यंत पाचव्या हिश्शाएवढी उरते, म्हणजे ०.७ किलो, आणि तिला साधारण तीन महिने उशीर होतो. आठ किलोमीटरवर ती बाराव्या हिश्शापर्यंत उतरते आणि उशीर पाच महिन्यांच्या आसपास जातो.

जलाशय ऑगस्टअखेर-सप्टेंबरात काठोकाठ असतो. तीन महिने पुढे मोजले की आपण डिसेंबरात येतो. मोठा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. एका तारखेवरून कुणी सिद्धान्त मांडू नये, हे कबूल. पण गेल्या साठ वर्षांत इथल्या धक्क्यांची संख्या पावसाळ्यानंतर वाढते आणि पाणी उतरत असताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पुन्हा एकदा डोकं वर काढते. धक्के कमी-अधिक खोलीवर होत असतील तर असे दोन उमाळे दिसू शकतात. पाणी उतरण्याचाही स्वतंत्र परिणाम असतो: वरचा भार लगेच कमी होतो, खालचा दाब मात्र अजून उतरलेला नसतो.

हा उशीर विसरला की गफलत होते. लोक भूकंपाच्या दिवशीची पाणीपातळी पाहतात आणि 'पातळी तर उतरत होती, मग धरणाचा काय संबंध' म्हणून मोकळे होतात. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या कारखान्याचं सांडपाणी ३,६७१ मीटर खोल विहिरीत १९६२ पासून दाबानं सोडत होते. धक्के सुरू झाले म्हणून १९६६ मध्ये ते थांबवलं. तिथले सर्वांत मोठे धक्के बसले १९६७ मध्ये, पंप बंद होऊन वर्ष उलटल्यावर.

भूकंपमापकांचा तुमचा आक्षेप अर्धा मान्य. धरणाआधी जवळचं यंत्र पुण्यात होतं, सव्वाशे किलोमीटरवर. दोन-अडीच रिश्टरचे धक्के त्यातून निसटले असणार, त्यामुळे 'धरणाआधी इथली जमीन अगदी स्तब्ध होती' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण आधी-नंतरच्या तुलनेवर सगळं उभं आहे, हा तुमचा समज चुकीचा. त्याहून भक्कम पुरावा वारणेनं दिला. वारणेच्या धरणात १९८५ पासून पाणी साठायला लागलं. तोवर इथे चांगली यंत्रं बसलेली होती, म्हणजे तुमची हरकत तिथे लागू पडत नाही. पुढे धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडे सरकला आणि १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९४ च्या फेब्रुवारीत तिथे ५ किंवा त्याहून मोठे धक्के बसले. शिवाय हे सगळं सुमारे २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात चाललं आहे. सह्याद्री उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर पसरलाय. सगळी करणी सह्याद्रीची असती तर धक्के दोन जलाशयांना धरून बसले नसते.

'दरवर्षी का नाही' याचं उत्तर वरच्या हिशोबातच आहे. ताण शेकडो वर्षं साठतो, पाणी दरवर्षी फक्त पकड ढिली करतं. जो तुकडा घसरून गेला त्याच्यात पुन्हा ताण भरेपर्यंत पाण्याला करण्यासारखं काही उरत नाही. दुसरं म्हणजे खडकाला स्मरण असतं. एकदा सोसलेल्या दाबापर्यंत तो फारसा कुरकुरत नाही, आधीची कमाल ओलांडली की कुरकुरतो. म्हणून कोयनेचा अभ्यास करणारे भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवलं: पाणी किती झपाट्यानं चढलं, आधीची कमाल पातळी ओलांडली का, आणि वरची पातळी किती दिवस टिकली. आठवड्याला १२ मीटरच्या वर चढ ही ५ च्या वरच्या धक्क्यासाठी त्यांनी आवश्यक अट म्हणून मांडली, पण पुरेशी नव्हे. म्हणजे चढ झपाट्याचा असूनही मोठा धक्का न बसलेलं वर्ष दाखवून हे खोडता येणार नाही. जलाशय अगदी संथ भरला आणि तरीही मोठा धक्का बसला, असं वर्ष दाखवावं लागेल.

जाता जाता, 'छोटे धक्के बसतात ते बरंच, ऊर्जा निघून जाते' हे तुमचं वाक्य गणितात बसत नाही. रिश्टरवर दोन अंकांचा फरक म्हणजे ऊर्जेत हजारपट फरक. ६.३ च्या एका भूकंपाची बरोबरी करायला ४.३ चे हजार धक्के लागतात. १९६७ पासून ४ च्या वरचे धक्के काहीशेच झाले आहेत.

आता भोकाबद्दल. वर गुणांक सेकंदाला १ चौरस मीटर 'धरा' म्हटलं, ते आठवा. तो ०.१ धरला तर वार्षिक लाट पाच किलोमीटरवर शंभरातला एक हिस्सादेखील उरत नाही आणि माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. म्हणजे अख्खं प्रकरण एका आकड्यावर टांगलेलं आहे, आणि तो जमिनीवर बसून मिळत नाही. त्यासाठी खाली जाऊन खडक किती पाझरतो, भेगा कुठल्या दिशेला आहेत, ताण कुठून किती आहे, तापमान काय, हे मोजावं लागतं. कोयना परिसरातल्या गोठणे इथलं ३,०१४ मीटरचं पथदर्शी छिद्र २०१७ मध्ये पुरं झालं ते यासाठी. सुमारे १,२५० मीटर बेसाल्ट संपला की थेट ग्रॅनाइट-नीस हा जुना, कठीण खडक लागतो. मध्ये गाळाचा थर नाही. असा सच्छिद्र थर असता तर दाब आडवाच पसरून गेला असता, तेव्हा 'काही सापडलं नाही' हादेखील इथे निष्कर्षच. छिद्राच्या भिंती ताणामुळे दोन बाजूंनी ढासळतात आणि गोल भोक लंबगोल होतं. ड्रिलिंगवाल्यांच्या दृष्टीनं ती कटकट, कारण नळ अडकतात. संशोधकांना मात्र त्या लंबगोलावरून ताणाची दिशा आयती वाचता येते.

भोकामुळे भूकंपाला आमंत्रण? डेन्व्हरच्या विहिरीत चार वर्षांत सुमारे ६२ कोटी लिटर पाणी जबरदस्तीनं घुसवलं होतं. धोका त्या घुसवण्यात होता, विहिरीच्या असण्यात नव्हता. गोठण्यात असं काही घुसवत नाहीत.

राहिली खोली. मोबाइलवर दिसणारे १० किलोमीटर हे बऱ्याचदा मोजलेले नसतात, ठेवून दिलेले असतात. भूकंपमापक दूर असले की खोली आणि भूकंपाची नेमकी वेळ एकमेकांत गुंततात: भूकंप थोडा खोल मानला आणि थोडा आधी झाला असं धरलं, तरी लहरी पोचण्याच्या वेळा जवळजवळ त्याच येतात. अशा वेळी संगणक खोली १० किलोमीटरवर बांधून ठेवतो आणि बाकीचं सोडवतो. खोली खरोखर ठरवायची तर निदान एक यंत्र भूकंपाच्या माथ्यापासून, म्हणजे त्याच्या थेट वरच्या जमिनीवरच्या जागेपासून, त्याच्या खोलीइतक्याच अंतरात हवं. शिवाय वेळ वाचताना ०.१ सेकंदाची चूक झाली तरी जागा सहाशे मीटरनं हलते, आणि जमिनीवरच्या यंत्रात वारा, वाहनं, ओढे यांच्या गलबल्यात तेवढी चूक सहज होते. म्हणून काही यंत्रं खोल छिद्रांत, बेसाल्टच्या खाली ग्रॅनाइटमध्ये उतरवली आहेत. पाच-सात किलोमीटर हा आकडा जवळच्या यंत्रांवरून येतो.

अंतर तर तुम्ही घरबसल्याही मोजू शकता. धक्क्यात आधी बारीक थरथर किंवा गडगड येते, मग आडवा हेलकावा. दोहोंमधले सेकंद मोजा आणि आठानं गुणा. भूकंप तितके किलोमीटर दूर. तुम्ही कराडचे असल्याचं लिहिलंत. कोयना तिथून सरळ रेषेत पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, तेव्हा अंतर सहा सेकंदांच्या आसपास यायला हवं. सहा आलं तर तारीख लिहून ठेवा आणि त्याआधीच्या तीन महिन्यांतली पाणीपातळी काढून पाहा. दोनच सेकंद आलं, तर तो धक्का कोयनेचा नव्हे. तेव्हा मात्र पुन्हा प्रतिक्रिया लिहाच.